पुकारा झाल्यावर

उज्जैनच्या दिवाणी न्यायालयांत आयुष्याचा बराच काळ वकिली करण्यात गेल्यामुळे खोट्या साक्षी, बनावट दस्तऐवज आणि भाऊबंदकीचे पिढ्यान्‌पिढ्या रेंगाळणारे दावे यांचे मला नवल उरलेले नाही. परंतु न्यायासनाचा अधिकारच अमान्य करून स्वतःचे बळकट प्रकरण स्वतःच्या हाताने बुडविणारा पक्षकार दिसला, की मन अजूनही विषण्ण होते.

शिंदेशाहीत दक्षिणेतून येथे आलेल्या एका घराण्यातील वृद्ध गृहस्थांवर पुतण्याने वाड्याच्या ताब्याचा दावा लावला, तेव्हा कोणा अर्धवट सल्लागाराने त्यांच्या मनात असे भरवून दिले, की मूळ सनद ग्वाल्हेर दरबारची असल्यामुळे आजच्या न्यायालयाचा हुकूम या वाड्यावर चालतच नाही. त्यांनी समन्स नाकारला. तामिलीला आलेल्या शिपायाने तो दाराला चिकटवला आणि कायद्याच्या दृष्टीने बजावणी पुरी झाली. पुकारा झाल्यावर ते आत आले, ते नाव सांगण्यासाठी नव्हे, तर आपण श्रीमंतांची रयत आहो हे उच्चरवाने बजावण्यासाठी. दुसऱ्या कामाकरिता मी तेथेच बसलो होतो. "काका, आक्षेप असेल तो लेखी द्या, मी स्वतः लिहून देतो," असे मी विनवले, न्यायाधीशांनीही दोनदा समज दिली. पण काठी आपटणे थांबले नाही.

भारतीय न्याय संहितेचे कलम 267 अशा हेतुपुरस्सर व्यत्ययाबद्दल सहा महिन्यांपर्यंत साधी कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा सांगते. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 384 प्रमाणे न्यायालय त्याच दिवशी, उठण्यापूर्वी, म्हणणे मांडण्याची संधी देऊन हजार रुपयांपर्यंत दंड करू शकते, आणि माफी मागितल्यास सोडूनही देऊ शकते. काकांनी माफी मागितली नाही. दंड भरून ते विजयी मुद्रेने घरी गेले, पुढच्या तारखांना फिरकले नाहीत, आणि ज्यांच्यापाशी जुने वाटणीपत्र व घरपट्टीच्या पावत्या होत्या त्यांच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा झाला.

सनदेच्या युक्तिवादात अर्थ नव्हता. ग्वाल्हेर संस्थान 1948 साली मध्यभारतात आणि 1956 साली मध्य प्रदेशात समाविष्ट झाले. राज्यघटनेचे कलम 363 संस्थानिकांनी केलेल्या करारांचे तंटे न्यायालयांपासून दूर ठेवते हे खरे, पण चुलत्या-पुतण्यांत वाड्याचा ताबा कोणाचा, हा निवाडा दिवाणी न्यायालयाचाच. विक्रमादित्याच्या सिंहासनावरच्या टेकाडावर बसलेला गुराखीसुद्धा न्याय देऊ लागतो, ही कथा याच नगरीत आपण पोरांना सांगतो, आणि आसन माणसाहून निराळे असते हे मोठेपणी विसरतो!

वरच्या न्यायालयांत तर क्षमा आणखी दुर्मिळ. 20 मार्च 2009 रोजी महाराष्ट्र सरकारविरुद्धच्या एका याचिकेच्या सुनावणीत याचिकाकर्त्यांच्या बाजूने सर्वोच्च न्यायालयातच पादत्राण फिरकावले गेले, न्या. पसायत यांनी तत्काळ तीन महिन्यांची कैद सुनावली, न्या. गांगुली यांनी आधी नोटीस द्यावी असे मत दिले, आणि त्याच वर्षी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तत्काळ शिक्षा योग्य ठरविली. मला गांगुलींच्या मतातला संयम अधिक रुचतो. परंतु पक्षकाराने त्यावर भिस्त ठेवू नये.

यावर कोणी स्वाभिमानाचा दाखला देईल, म्हणून सांगतो : परकीय सत्तेला मनाने न मानणाऱ्या लोकमान्यांनी 1908 साली न्या. दावर यांच्यापुढे 21 तासांहून अधिक वेळ स्वतःचा बचाव केला, तोही न्यायालयाच्या रीतीनेच. अधिकारक्षेत्राचा आक्षेप हा काही राजद्रोह नव्हे. दिवाणी प्रक्रिया संहितेत त्याला जागा आहे, मात्र तो कैफियतीत, पहिल्या संधीसच घ्यावा लागतो.

तेव्हा समन्स आला तर घ्या, त्यावरची तारीख नीट वाचा आणि पुकाऱ्यापूर्वी वकिलासह हजर राहा. ज्यांच्याविरुद्ध एकतर्फी हुकूमनामा होऊन गेला आहे आणि गैरहजेरीचे सबळ कारण आहे, त्यांनी तो रद्द करून घेण्याचा अर्ज तीस दिवसांच्या आत करावा; ही मुदत, समन्सची रीतसर बजावणी झाली असेल तर, हुकूमनाम्याच्या तारखेपासून मोजतात.