दुसऱ्याचं लेकरू सांभाळताना

मामी, काकू, आजी-आजोबांनो, आज खास तुमच्याशी बोलायचं आहे. दसरा-दिवाळी झाली की आपल्या जालना जिल्ह्यातल्या अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर भागातली कितीतरी जोडपी ऊसतोडीला निघतात. उन्हाळा लागेपर्यंत त्यांची लेकरं तुमच्या हवाली असतात. काही घरांत कोविडनं आई-बाप नेले, काही घरांत कर्जापायी बापानं जीव दिला. ती लेकरं तुम्ही पोटाशी धरलीत. मात्र त्यात तुमची किती ओढाताण होते, हे कुणी विचारत नाही.

स्वतःच्या पोराला धपाटा दिला तर गल्ली लक्ष देत नाही. भाच्यावर नुसतं ओरडलं तरी ‘आई असती तर…’ सुरू होतं. लाड करावेत, तर घरची मुलं रुसतात. मग मामा धाक दाखवतो आणि आजी ‘बिचारं आईवेगळं’ म्हणून सगळं पोटात घालते. कालपर्यंत चाललेल्या गोष्टीसाठी आज मार बसतो, आणि लेकरू गोंधळतं.

डायना बॉमरिंड या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९६०च्या दशकात पालकांच्या वागण्याच्या तीन तऱ्हा मांडल्या: नुसता हुकूम, नुसती मोकळीक आणि मायेसोबत ठाम शिस्त. तिसरी तऱ्हा मुलांना सगळ्यात मानवते, असं त्यांना दिसलं. सांभाळायला आलेल्या लेकराला तर तिची जास्तच गरज असते, कारण त्याचं एक घर आधीच सुटलेलं असतं. अभ्यासाची, झोपण्याची वेळ घरातल्या सगळ्या मुलांना सारखीच ठेवा. नियम दोन-चारच असू द्या, पण मामाचा एक आणि आजीचा दुसरा असं नको.

संध्याकाळी कारखान्यावरून आईचा फोन येतो. लेकरू हसून बोलतं, आणि फोन ठेवल्यावर ताट सरकवून देतं. ‘एवढं करून घालते, तरी याला गोड लागत नाही,’ असं तुमच्या मनात येणं साहजिक आहे. त्या वेळी त्याला आईची आठवण छळत असते. रागावू नका, भाकरी झाकून ठेवा, जवळ बसा. ‘आई-बापानं टाकलं तुला’ हे वाक्य तर भांडणाच्या भरातही तोंडातून निघू देऊ नका.

आणि स्वतःकडेही बघा. झोप उडाली, सारखी चिडचिड होऊ लागली, हात उगारला जाऊ लागला, तर ओझं जास्त झालंय हे ओळखा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मोफत आणि मराठीत बोलता येतं. लेकराचे आई-वडील नसतील, किंवा त्यांच्यापैकी एकच असेल, तर राज्याच्या बालसंगोपन योजनेतून २०२३ पासून दरमहा २,२५० रुपये मंजूर होऊ शकतात. त्यासाठी अंगणवाडी ताईंना विचारा, किंवा जालन्यात जिल्हा महिला व बालविकास कार्यालय गाठा. ही मदत मागण्यात कमीपणा नाही, लेकराचा तो हक्क आहे.

तुम्ही खचलात तर त्या लेकराचा दुसरा आधारही जाईल. म्हणून एकट्यानं सोसू नका. या आठवड्यात घरातल्या सगळ्यांना एकत्र बसवा आणि कोण काय करणार ते वाटून घ्या.