उघडं दार : ख्रिस्ती श्रद्धा आणि आतिथ्य

आज एका साध्या प्रश्नापासून सुरुवात करू. आपल्या घरात किती प्रकारचे कप असतात? पाहुण्यांसाठी काचेच्या कपाटातले, आपल्यासाठी रोजचे आणि काही घरांत कामवाल्या मावशींसाठी बाजूला ठेवलेला एक. आजचा पाठ त्या तिसऱ्या कपाबद्दल आहे.

आतिथ्य म्हणजे काय?

'अतिथी' म्हणजे ज्याच्या येण्याची तिथी ठरलेली नाही तो. नव्या करारात आतिथ्यासाठी जो मूळ ग्रीक शब्द आहे, 'फिलोक्सेनिया', त्याचा अर्थ होतो परक्यावर प्रेम. म्हणजे नातेवाइकांना जेवायला बोलावणं चांगलंच, पण ते पुरेसं नाही. पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 12व्या अध्यायात आतिथ्याचा आग्रह धरला आहे. सुरुवातीच्या मंडळीकडे चर्चच्या इमारती नव्हत्या. लोक घरोघरी जमत. फिलिप्पै शहरात जांभळ्या वस्त्रांचा व्यापार करणाऱ्या लुदियेने बाप्तिस्मा घेतल्यावर पहिलं काम काय केलं? पौल आणि त्याच्या सोबत्यांना आपल्या घरी राहायचा आग्रह केला.

आपल्याजवळचं उदाहरण

आता आपल्या छत्रपती संभाजीनगरपासून दोन-तीन तासांच्या वाटेवरचं अहमदनगर (आताचं अहिल्यानगर) बघू. कवी नारायण वामन टिळक 1895 साली ख्रिस्ती झाले. पत्नी लक्ष्मीबाई तेव्हा ख्रिस्ती झाल्या नाहीत. काही वर्षं दोघं वेगळे राहिले. पुढे त्या नगरला आल्या, तरी आपलं सोवळं, आपला स्वयंपाक, आपलं पाणी वेगळंच ठेवून होत्या.

मग त्यांनी स्वतःलाच विचारलं, ही जात देवाने केली की माणसाने? उत्तर मिळालं आणि त्यांनी ठरवलं, यापुढे कोणाच्याही हातचं खायचं-प्यायचं. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. क्रम लक्षात घ्या : मनातली रेघ आधी पुसली, बाप्तिस्मा नंतर झाला. पुढे त्यांच्या घरात अनाथ मुलंही वाढली.

'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात लक्ष्मीबाई हे सगळं प्रांजळपणे सांगतात. टिळकांचा हात सढळ, घरात पैशांची चणचण आणि संसाराची तोंडमिळवणी करायची लक्ष्मीबाईंनी! आपली चिडचिडही त्या लपवत नाहीत.

कुरकुर का होते?

पेत्राच्या पहिल्या पत्रात आतिथ्य कुरकुर न करता करावं असं सांगितलं आहे. कुरकुर होत होती, म्हणूनच ना ते सांगावं लागलं! मार्था आणि मरीयेची गोष्ट आठवा. येशू घरी आला, मरीया त्याच्या पायाशी बसून ऐकत राहिली आणि मार्था कामाने त्रासली. आपल्याकडे 'या, जेवून जा' म्हणणारा एक असतो आणि पोळ्या लाटणारी दुसरीच असते. दार उघडणाऱ्याने कणीकही मळावी, भांडीही घासावीत. नाहीतर पुण्य एकाचं आणि कष्ट दुसरीचे, असं होतं.

आज आपल्या शहरात

बीड, जालना, परभणीहून कितीतरी मुलं-मुली शिकायला इथे येतात. खोली बघायला गेलं की काही ठिकाणी भाड्याआधी आडनाव विचारलं जातं. मग 'खोली गेली' असं उत्तर येतं, आणि बाहेर पाटी तशीच लटकत असते. रविवारी प्रार्थनेला जाणाऱ्या घरातही हे घडू शकतं. मत्तय 25मध्ये येशू सांगतो की परक्याला घरात घेतलं ते मलाच घेतलं. मग आडनाव विचारून आपण दारातून कोणाला परत पाठवतो?

आतिथ्याला मोठं घर लागत नाही. एक खोली, पातळ आमटी आणि सगळ्यांना सारखे कप एवढं पुरतं.

विचार करा आणि लिहा

1. 'पाहुणचार' आणि 'परक्यावर प्रेम' यांत काय फरक आहे?
2. लक्ष्मीबाईंना दार उघडण्याआधी मनातलं काय सोडावं लागलं?
3. तुमच्या घरात वेगळा ठेवलेला कप आहे का? असेल, तर तो का, हे आज घरी विचारा.