घटक ३ : गोपाळ गणेश आगरकर – राजकीय भाष्यकार आणि गद्यकार

३.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपणांस आगरकरांच्या राजकीय व सामाजिक विचारांतील नाते स्पष्ट करता येईल. तसेच त्यांची वाक्यरचना त्यांच्या विचारपद्धतीशी कशी निगडित आहे, हे सांगता येईल.

३.२ प्रस्तावना

विद्यार्थी मित्रहो, ‘आधी राजकीय की आधी सामाजिक’ हा वाद आपण शाळेपासून ऐकत आलो आहोत. या वादात राजकारण टिळकांकडे आणि समाजकारण आगरकरांकडे अशी वाटणी केलेली असते. उत्तरपत्रिकांमधून तीच वाटणी वर्षानुवर्षे वाचावयास मिळते. ती लक्षात ठेवण्यास सोयीची आहे खरी. परंतु आगरकरांचे निबंध मुळातून वाचू लागले की ती डळमळू लागते. वृत्तपत्रीय लेखनापायी सव्विसाव्या वर्षी ज्यांनी तुरुंगवास पत्करला, त्यांना राजकारणाच्या बाहेर उभे करणे कितपत योग्य आहे? प्रस्तुत घटकात आपण आगरकरांचा विचार राजकीय भाष्यकार म्हणून करणार आहोत.

३.३ जीवनपट

आगरकरांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कराडजवळील टेंभू या गावी झाला. घरची अत्यंत गरिबी असल्यामुळे कराड, रत्नागिरी, अकोला असे फिरत त्यांचे शिक्षण झाले. पुढे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात टिळकांशी त्यांची मैत्री जुळली. विष्णुशास्त्री चिपळूणकर, टिळक व त्यांचे सहकारी यांनी १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू केले. या मंडळींस आगरकर येऊन मिळाले आणि जानेवारी १८८१ मध्ये निघालेल्या ‘केसरी’चे ते पहिले संपादक झाले.

कोल्हापूरच्या महाराजांना तेथील कारभाऱ्यांकडून मिळणाऱ्या वागणुकीविषयी ‘केसरी’ व ‘मराठा’ या पत्रांनी कठोर लेखन केले. ज्या पत्रांचा त्यास आधार होता ती बनावट ठरली आणि अब्रुनुकसानीच्या खटल्यात टिळक व आगरकर या दोघांना चार महिन्यांची साधी कैद झाली. १८८२ मधील या कारावासावर आगरकरांनी ‘डोंगरीच्या तुरुंगातले आमचे १०१ दिवस’ हे पुस्तक लिहिले. ‘हॅम्लेट’चे त्यांनी केलेले ‘विकारविलसित’ हे भाषांतरही याच सुमाराचे आहे.

सामाजिक प्रश्नांवर सहकाऱ्यांशी मतभेद वाढत गेले. १८८७ मध्ये आगरकरांनी ‘केसरी’ सोडला आणि ऑक्टोबर १८८८ मध्ये स्वतःचे ‘सुधारक’ हे साप्ताहिक काढले. त्याच्या इंग्रजी विभागाची जबाबदारी गोपाळ कृष्ण गोखले यांनी सांभाळली. १८९२ पासून ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य होते. दम्याचा विकार जडलेला असूनही लेखन थांबले नाही. १७ जून १८९५ रोजी त्यांचे निधन झाले, तेव्हा वयाची ३९ वर्षेही पूर्ण झालेली नव्हती. तत्पूर्वी पुण्यातील सनातनी मंडळींनी ते जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढली होती.

३.४ सत्ता : दरबारातील आणि घरातील

सत्ता कोठून येते आणि ती मानावी का, हा राजकारणातील मूलभूत प्रश्न होय. मिल व स्पेन्सर यांच्या वाचनातून आगरकरांनी तो उचलला. मात्र तो केवळ राज्यकर्त्यांना विचारून ते थांबले नाहीत. शास्त्राची, रूढीची, कुटुंबातील वडीलधाऱ्यांची सत्ताही त्यांनी त्याच कसोटीवर घासली. विधवेच्या केशवपनाची सक्ती तिच्या संमतीवाचून होते, ही त्यांच्या दृष्टीने अन्यायी राजाज्ञेइतकीच गंभीर बाब होती. ‘गुलामांचे राष्ट्र’ या निबंधाचे शीर्षकच या दृष्टीने बोलके आहे. घरात निमूटपणे हुकूम पाळण्यास शिकलेला मनुष्य दरबारात ताठ मानेने कसा उभा राहणार, ही त्यांची खरी चिंता आहे.

१८९१ च्या संमतिवयाच्या कायद्याने विवाहित मुलींच्या बाबतीतही शरीरसंबंधासाठीच्या संमतीचे वय १० वरून १२ वर आणले. परकीय सरकारने आमच्या धार्मिक व सामाजिक बाबतींत हात घालू नये, अशी टिळकांची भूमिका होती. तिच्यामागील स्वाभिमान नाकारण्याचे कारण नाही. आगरकरांनी मात्र कायद्यास पाठिंबा दिला. कायदा कोणी केला याहून तो कोणाचे रक्षण करतो, हे त्यांना महत्त्वाचे वाटले. परकीय सत्तेपुढे बोलू शकणारे पुरुष आणि घरातही बोलू न शकणारी दहा वर्षांची मुलगी, यांपैकी कोणाच्या बाजूने लिहावयाचे हा येथील पेच आहे. आजच्या वाचकालाही त्याचे उत्तर वाटते तितके सोपे जाणार नाही.

३.५ वाक्याचा विचार आणि विचाराचे वाक्य

‘सुधारक’ निघाला त्याच १८८८ साली आगरकरांचे ‘वाक्यमीमांसा आणि वाक्यांचे पृथक्करण’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. साहित्याच्या अभ्यासक्रमात ते बहुधा एका ओळीत आटोपले जाते, याची प्रस्तुत लेखकास खंत वाटते. तोवरच्या मराठी व्याकरणांत शब्दाच्या जाती व रूपे यांचा विस्तार अधिक होता. आगरकरांनी वाक्य हे केंद्रस्थानी आणले. प्रधान वाक्य कोणते, गौण कोणते, एक दुसऱ्यावर कसे अवलंबून आहे, याची चिकित्सा त्यांनी केली.

हीच नजर त्यांच्या निबंधांत दिसते. प्रतिपक्षाचे म्हणणे प्रथम ‘जर’च्या पोटवाक्यात मान्य करावयाचे आणि ‘तर’च्या प्रधान वाक्यात त्याचा अपरिहार्य परिणाम समोर ठेवावयाचा, ही त्यांची आवडती पद्धत. आमच्या शब्दांत तिचा साचा असा दाखविता येईल : ‘जर पूर्वजांनी केले तेच करणे हा धर्म असेल, तर ज्या पूर्वजाने ती चाल प्रथम पाडली तो अधर्मीच ठरतो.’ येथे अपशब्द नाही, उपहासही वरवर दिसत नाही; तरीही वाचकाला पळवाट उरत नाही. चिपळूणकरांचे गद्य प्रतिपक्षाला नामोहरम करते, आगरकरांचे गद्य त्याला त्याच्याच विधानात अडकविते. शिवाय दोष दाखविताना ते पुष्कळदा ‘आम्ही’ हे सर्वनाम योजतात. त्यातील काही भाग संपादकीय संकेताचा आहे हे मान्य केले, तरी लेखक स्वतःला आरोपीच्या पिंजऱ्याबाहेर ठेवीत नाही, हेही खरे. ‘स्त्रियांनी जाकिटे घातली पाहिजेत’ या निबंधात तर पोशाखासारखा घरगुती विषयही त्यांनी याच गांभीर्याने तपासला आहे.

त्यांच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. त्यांची उदाहरणे मुख्यतः पुण्याच्या पांढरपेशा, विशेषतः ब्राह्मण कुटुंबांतील आहेत. त्याच दशकात महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जे कष्टकरी जग मांडले, ते आगरकरांच्या गद्यात अभावानेच येते. तर्काने पटले की माणूस बदलतो, हा त्यांचा विश्वासही त्यांच्याच हयातीत अनेकदा कसोटीस लागला.

३.६ स्वाध्याय

१. ‘आगरकर हे केवळ समाजसुधारक होते’ या विधानाची १८८२ व १८९१ मधील घटनांच्या आधारे चर्चा करा.

२. आगरकरांचा कोणताही एक निबंध वाचून त्यातील ‘जर–तर’ रचनेची तीन वाक्ये निवडा व त्यांचे पृथक्करण करा.

३. आपण नियमित वाचता त्या वृत्तपत्रातील एक अग्रलेख घ्या. त्यात प्रतिपक्षाचे म्हणणे कोठे व कोणत्या शब्दांत आले आहे? ते आलेच नसेल, तर त्याचा लेखाच्या युक्तिवादावर काय परिणाम झाला आहे, ते दहा ओळींत लिहा.