व्हिडिओ गेमची कॅसेट घरीं करणें

दूरचित्रवाणीस जोडून खेळावयाचे व्हिडिओ गेम १९९० नंतर महाराष्ट्रांतील लहान गांवांपर्यंतही पोहोंचले. त्यांतील पुष्कळ यंत्रें जपानांतील निन्टेंडो कंपनीनें १९८३ सालीं काढलेल्या फॅमिकॉमच्या नकला होत्या. राणीसावरगावांत एखाद्या घराच्या माळ्यावर अशी पेटी सांपडली तर नवल नाहीं. ती भंगारांत देण्यापूर्वीं विद्यार्थ्यांनीं तिची एक कॅसेट उघडून पाहावी, असें आम्ही सुचवितों.

कॅसेट म्हणतात खरें, परंतु तींत फीत मुळींच नसते. साध्या कॅसेटींत एका पट्टीवर दोन चिपा असतात व पट्टीच्या कडेस साठ दांते. एका चिपेंत खेळाच्या आज्ञा, दुसरींत चित्रें. १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ हा प्रसिद्ध खेळ ३२ किलोबाइट आज्ञा व ८ किलोबाइट चित्रें एवढ्यांतच मावला आहे. स्वस्त कॅसेटींत चिपेऐवजीं काळ्या राळेचा ठिपका आढळतो. तो बदलतां येत नाहीं. ९९९९ खेळांची म्हणून विकली गेलेली कॅसेट बहुधा याच जातीची, आणि तींतील निराळे खेळ मोजकेच!

नवी कॅसेट करणें म्हणजे मूळ चिपा काढून आपण लिहिलेल्या चिपा डाख देऊन बसविणें. यासाठीं ईप्रॉम जातीची चिप सोयीची. आज्ञांस २७सी२५६, चित्रांस २७सी६४. कोऱ्या ईप्रॉमांत सर्वत्र १ असतो. प्रोग्रामर नांवाचें यंत्र वाढीव दाबाची वीज देऊन हवा तेथें त्याचा ० करतें. ० चा पुन्हां १ मात्र विजेनें होत नाहीं. तें काम चिपेच्या माथ्यावरील खिडकींतून शिरणारा अतिनील प्रकाश करतो. दिव्याखालीं सुमारें वीस मिनिटांत, थेट उन्हांत सुमारें एका आठवड्यांत. मराठवाड्याचें ऊन लक्षांत घेऊन लेखन होतांच खिडकीवर अपारदर्शक पट्टी चिकटवावी. हा दिवा डोळ्यांस घातक आहे. तो बंद पेटींतच आणि वडील माणसांच्या देखत लावावा.

नव्या चिपेचे पाय मूळ चिपेच्या पायांशीं सर्वत्र जुळतीलच असें नाहीं. दोहोंचे नकाशे ताडून पाहावे, आणि न जुळणारा पाय उचलून तारेनें योग्य जागीं जोडावा.

येथवर सर्व नीट होऊनही पडदा कोरा राहतो, तेव्हां मुलें हिरमुसतात. कारण पुष्कळदां असें असतें: प्रोसेसर ६५,५३६ पत्ते जाणतो व त्यांतील वरचा अर्धा भाग कॅसेटचा. वीज मिळतांच तो ६५,५३२ व ६५,५३३ या पत्त्यांवर आरंभाचें ठिकाण वाचतो. १६ किलोबाइटचा खेळ ३२ च्या चिपेंत आरंभीं एकदांच लिहिला तर तीं घरें कोरींच राहतात. म्हणून तो खेळ लागोपाठ दोनदां लिहावा.

खेळाच्या नादांत अभ्यास बुडेल ही पालकांची धास्ती आम्ही जाणतों. परंतु खेळण्यांत गेलेला वेळ व कॅसेट करण्यांत गेलेला वेळ एकाच मापानें मोजूं नये. द्विमान गणित फळ्यावर ज्यास रुक्ष वाटतें, तोच मुलगा येथें एका चुकलेल्या अंकाचा शोध तासन् तास घेतो. मात्र दुसऱ्याचे खेळ उतरवून विकणें कायद्यास धरून नाहीं. आपला लहानसा खेळ, पडद्यावर आपलें नांव हलविण्याइतका कां होईना, स्वतः लिहावा व आधीं संगणकावरील नकली यंत्रांत चालवून पाहावा.

आणखी एक. कॅसेट चालेनाशी झाली कीं तींत फुंकर मारण्याची रीत सर्वत्र होती. फुंकरेंतील ओलाव्यानें दांते खराब होतात. आयसोप्रोपिल अल्कोहोलांत भिजविलेल्या कापसानें ते पुसावे, आणि पूर्ण वाळल्यावरच कॅसेट यंत्रांत घालावी.