पाण्याचे विद्युत्-विघटन आणि नत्रखत

रावेर-यावलकडील बागायतदार केळीस युरिया देतो, तेव्हा त्यातील नत्र मूळचे हवेतील असते. परंतु हवेतील नत्र पिकास जसेच्या तसे उपयोगी पडत नाही. कारखान्यात त्याचा हायड्रोजनशी संयोग घडवून अमोनिया करावा लागतो, आणि अमोनियापासून खत होते. हा हायड्रोजन आपल्या देशात आज मुख्यतः नैसर्गिक वायूपासून काढतात. त्या वायूचा मोठा भाग परदेशातून येत असल्यामुळे तिकडील दराचा भार अखेर खताच्या अनुदानावर पडतो. पाण्यापासून हायड्रोजन काढण्याचा जुना मार्ग म्हणूनच पुन्हा विचारात घेतला जात आहे.

पाणी हे मूलद्रव्य नसून हायड्रोजन व प्राणवायू यांचे संयुग आहे. जुन्या क्रमिक पुस्तकांत हायड्रोजनला उज्जवायू म्हणत. पाण्यातून विजेचा प्रवाह सोडला असता हे दोन्ही वायू सुटे होतात. गावपातळीवरील कार्यकर्त्यांस हा प्रयोग सभेत सहज दाखविता येईल. काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा विरघळवावा, आणि ९ व्होल्टच्या बॅटरीच्या तारांस जोडलेली शिसपेन्सिलींची दोन टोके त्यात बुडवावीत. ऋण टोकापाशी हायड्रोजनचे बुडबुडे अधिक दिसतात, कारण त्याचे आकारमान प्राणवायूच्या दुप्पट असते. सोड्याऐवजी मीठ घालू नये. त्याने विषारी क्लोरीन सुटतो. ट्रॅक्टरची बॅटरी चार्ज होताना तिच्यातही हेच विघटन घडते. म्हणून तेथे विडी-काडी पेटवू नये व खोली बंद ठेवू नये.

आता हिशेब पाहू. युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत सुमारे २०.७ किलो नत्र असते. तेवढ्या नत्राचा अमोनिया होण्यास सुमारे ४.४ किलो हायड्रोजन लागतो, आणि त्यासाठी ४० लिटर पाण्याचे विघटन करावे लागते. केळीच्या एका झाडास उन्हाळ्यात ठिबकने दोन-तीन दिवसांत एवढे पाणी दिले जाते. पाणी अत्यंत शुद्ध लागते व शुद्धीकरणात काही वाया जाते, हे खरे. तरीही अडचण पाण्याची नाही, विजेची आहे. एक किलो हायड्रोजनास ५० ते ५५ युनिट, म्हणजे गोणीमागे सुमारे २३० युनिट वीज खर्च होते. विहिरीवरील ५ अश्वशक्तीची मोटर तेवढ्या विजेवर जवळजवळ दोन दिवस-रात्र चालेल. शिवाय हा हायड्रोजन पुन्हा जाळला, तरी खर्चलेली सगळी वीज परत मिळत नाही. तेव्हा ‘पाण्यावर चालणारे इंजिन’ कोणी विकावयास आल्यास शेतकरी बंधूंनी त्यास हाच हिशेब विचारावा.

पंजाबात नंगल येथे १९६१ साली सुरू झालेल्या खत कारखान्यात भाक्राच्या जलविद्युतेने पाण्याचे विघटन करून कॅल्शियम अमोनियम नायट्रेट तयार करीत. पुढे हा मार्ग मागे पडला, आणि आज तो कारखाना नैसर्गिक वायूवर चालतो. स्वस्त व मुबलक वीज असेल तरच ही रीत टिकते, एवढे त्यावरून दिसते.

खानदेशात ऊन भरपूर आहे. धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात शिवाजीनगर येथे महानिर्मितीचा १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प २०१३ पासून वीज देत आहे. तो पूर्ण क्षमतेने पाच तास चालल्यास ६ लाख २५ हजार युनिट होतात. वरील हिशेबाने ती वीज सुमारे २,७०० गोण्यांतील नत्रापुरत्या हायड्रोजनास पुरेल. हवेतून नत्र वेगळे काढण्याची आणि अमोनिया बनविताना दाब देण्याची वीज निराळी. अर्थात साक्रीची वीज ग्रिडला जाते व तेथे विघटन होत नाही. रात्री ऊन नसते ही अडचणही आहेच.

केंद्र सरकारने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. २०३० पर्यंत वर्षास ५० लाख टन उत्पादनाचे त्याचे उद्दिष्ट आहे. मात्र युरियास अमोनियाबरोबर कर्बद्विप्राणिल वायूही लागतो. नैसर्गिक वायूपासून तो आपोआप मिळतो, पाण्यापासून मिळत नाही. त्यामुळे पाण्यापासून केलेला अमोनिया युरियाच्या आधी डीएपी किंवा अमोनियम सल्फेट यांच्या गोणीतून शेतावर येण्याचा संभव अधिक दिसतो.