इनोव्हात तीन मुलं कशी बसवायची?

प्रश्न : आम्ही कोरमंगलात राहतो. आमच्या इनोव्हात मधल्या रांगेत दोन सुट्या सीट आहेत. मुलं आठ महिन्यांची, चार आणि सात वर्षांची. शिवाय सासूबाई. कोणाला कुठे बसवू?

उत्तर : आधी मधल्या दोन सीटच्या पाठ आणि बैठकीमधल्या खाचेत बोट घालून पाहा. मुलांची सीट अडकवायच्या आयसोफिक्सच्या लोखंडी कड्या तिथे हाताला लागतील. बाळाची आणि चार वर्षांच्या मुलाची सीट तिथेच बसवा. बाळाचं तोंड मागे हवं. युरोपच्या आर-१२९ नियमाप्रमाणे निदान पंधरा महिन्यांपर्यंत तसंच, आणि त्यानंतरही जमेल तितकं.

मुलांच्या सीट एकदा अडकवल्या की मधल्या सीट पुढे दुमडता येत नाहीत. मागे जायची वाट उरते ती दोन सीटमधल्या फटीतूनच. सात वर्षांचं मूल तिथून सहज जाईल, तुम्हीही जाल. सासूबाईंना मात्र पुढेच बसू द्या. मागच्या रांगेत सात वर्षांच्या मुलासाठी पाठ असलेला बूस्टर खिडकीकडे ठेवा, म्हणजे तीन-बिंदू पट्टा मिळेल. पट्टा खांद्याच्या मधोमध आणि मांड्यांवरून जायला हवा, पोटावरून नाही. नुसत्या कमरेच्या पट्ट्यावर बूस्टर कधीच वापरू नका.

एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मागे तोंड केलेलं बाळ बसवणं जीवघेणं ठरू शकतं. कोरमंगलातल्याच सोनी सिग्नलपर्यंत जायचंय म्हणून त्याला मांडीवरही घेऊ नका. अचानक ब्रेक लागला तर हातांची पकड टिकत नाही. मोटार वाहन कायद्याच्या २०१९च्या दुरुस्तीत चौदा वर्षांखालील मूल असं मोकळं बसवल्यास हजार रुपये दंड आहे.