अनुसरण आणि पाठभेद : विकेंद्रित संवादजाळ्यातील एक प्रश्न

‘मॅस्टोडॉन’ (२०१६) हे एका मालकाचे स्थळ नव्हे. स्वतंत्रपणे चालणाऱ्या असंख्य सर्व्हरांचे ते जाळे आहे. नोव्हेंबर २०१९ मध्ये ट्विटरवर रुष्ट झालेल्या अनेक भारतीयांनी तिकडे धाव घेतली. येथे खात्याच्या नावाचे दोन घटक असतात : व्यक्ती आणि तिचा सर्व्हर, नाव आणि गाव म्हणावे तसे. परगावच्या लेखकाचे अनुसरण करावयाचे, तर हे पूर्ण नाव शोधावे लागते. वाचकाचा सर्व्हर लेखकाच्या सर्व्हरकडे विनंती धाडतो, स्वीकृती येते आणि पुढचे लेखन आपोआप पोहोचू लागते. या व्यवहाराचे नियम ‘ॲक्टिव्हिटीपब’ या संकेतप्रणालीत (२०१८) सांगितले आहेत.

वाङ्मयाभ्यासकाच्या दृष्टीने खरा प्रश्न ‘पुढचे’ या शब्दात आहे. वाचकापाशी येते ती प्रत. त्याच्या सर्व्हरवरून पूर्वी कोणीच अनुसरण केले नसेल, तर जुने लेखन तेथे बहुधा दिसत नाही. प्रत्युत्तरांची मालिकाही त्रुटित राहू शकते. लेखकाने मजकूर खोडल्यास तशी सूचना इतरत्र जाते, परंतु ती पाळली जाईलच असे नाही. हस्तलिखितांत वावरलेल्यास हे नवे नव्हे; शके १५०६ मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला, तो प्रतींतील भेदांमुळेच. मात्र पोथीत भेद लेखनिकाच्या हातून पडे. येथे तो वाचकाच्या स्थानावरून पडतो. म्हणून अवतरण देताना लेखकाच्या मूळ सर्व्हरवरील पत्ता आणि पाहिल्याची तारीख नोंदविणे अगत्याचे आहे. खाते हलविलेले असल्यास जुना पत्ताही द्यावा. कारण अनुयायी नव्या घरी येतात, लेखन जुन्याच घरी राहते.